आण्णाप्पाचा बिल्ला

मी मूळचा उचगावचा, पावणं. आई शाळंत पोरांची खिचडी शिजवायची, मी तिच्या मागं मागं चुलीम्होरं, तितंच हाताला चव आली म्हणायची, मग कोल्हापुरात खानावळीत लागलो, तितनं एका कॅन्टीनला, आन तितल्या सायबानं एकदा इचारलं, बाळू, बर्फात जातोस का, दक्षिण ध्रुवाकडं, संशोधन केंद्रावर स्वैपाकी पायजे. मला वाटलं मस्करी करतोय. बायको म्हणाली जावा, जग तरी बघून या. गेलो की. चौदा म्हैनं काढलं.

काय सांगू तुम्हास्नी, तितं बघाय कायबी न्हाय, नुस्तं पांढरं. आमी पंचवीस माणसं, खांबावर हुबं केल्यालं घर, जहाज एकदा गेलं की पुढच्या उन्हाळ्यापातूर कोण येत न्हाय. ऊन पडलं की सायब लोक सहल काढायचं, समुद्राच्या कडंला पेंग्विन बघाय, मी डब्यातनं धपाटी न्यायचो, आन ते पेंग्विन ग्रामसभंला आल्यागत हुबं, कोण बोलंना कोण हलंना, हसून हसून पोटात दुखायचं. पन भाईर पडायचं तर एक नेम हुता. दाराजवळ फळी, फळीवर समद्यांच्या नावाचं बिल्लं. जाताना आपला बिल्ला भाईरच्या खिळ्याला अडकवायचा, आलं की आतल्या. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा न्हाय, हे पयल्याच दिशी सांगितल्यालं.

तितं आण्णाप्पा भेटला, जनरेटरचा मिस्त्री, जयसिंगपूरचा. समदी हिंदीत बोलायची, आन ह्यो गडी स्वैपाकघरात येऊन म्हणाला, आमटीत चटणी घाल की लका, नुस्तं पाणी हाय. मला रडूच आलं, खरं सांगतो. मग भावाभावागत ऱ्हायलो. भाईरनं आला की सरळ माझ्या शेगडीवर हात शेकाय यायचा, च्या मागायचा, आन बिल्ला इसरायचा. दर टायमाला. केंद्राच्या मोठ्या सायबाची बोलणी बसू न्हायती म्हणून मीच जाऊन त्येचा बिल्ला आतल्या खिळ्याला लावायचो. मला वाटायचं, चांगलंच करतोय की.

त्या दिशी वादळ सुटलं. दुपारचं, पन दुपार कसली, तवा दोन म्हैनं सूर्वच न्हवता. आण्णाप्पा तेलाच्या टाकीकडं गेलता. मी पीठ मळत हुतो, मधीच दाराकडं गेलो तर ओलं बूट दिसलं, म्हटलं आला वाटतं, आन सवयीनं हात गेला, बिल्ला आत लावला. बूट डाक्टरचं हुतं हो! जेवाय बसलो, आण्णाप्पा न्हाय. सायबानं फळी बघितली, म्हणाला आत हाय, रातपाळी झाली त्येची, झोपला असंल. मीबी म्हणालो झोपू दे, ताट झाकून ठेवतो. माझ्या ह्या तोंडानं म्हणालो. दोन तासानं ताट घेऊन खोलीत गेलो तर खाट मोकळी.

वादळात धरून चालाय बांधल्याला दोर सुटल्याला, आन त्यो दारापास्नं चाळीस पावलावर बर्फात बसल्याला घावला. जगला. उजव्या हाताची चार बोटं डाक्टरनं तितंच काढली, विमान येणार कुठनं. म्हैनाभर मी माझ्या हातानं त्येला भरवलं.

सायबानं चौकशी केली, बिल्ला आत कसा? आण्णाप्पा म्हणाला, मीच आत लावून परत भाईर गेलो आसंल, मला कायबी आठवंना. मी शेजारी वाटी धरून हुबा. तोंड उघडलं न्हाय. आज सांगतो उद्या सांगतो म्हणत गावाकडं आलो.

हितं ही खानावळ टाकली, आन त्यो दर रविवारी जेवाय यायचा, डाव्या हातानं. बोटाचं त्येला कायबी न्हवतं. आपलं डोस्कंच बिघडलं, ह्ये त्येनं मनाला लावून घेतलं. गॅस बंद केला का, कुलूप लावलं का, धा धा डाव बायकोला, आमच्या वैनीस्नी, इचारायचा. गाडी सोडली. मिस्त्रीकाम सोडलं, म्हणायचा ज्येला सोताचा बिल्ला आठवत न्हाय त्येनं मशिनीला हात लावू ने. तीन वर्सं हे मी आयकलं आन वर भात वाढला. जीव जळायचा, झोप उडाली, पन त्यो तुटंल ह्या भ्यानं गप.

मागल्या म्हैन्यात वैनी रडत म्हणाल्या, आता ह्ये नातवालाबी उचलून घेत न्हाईत, कुठंतरी ठेवून इसरीन म्हणत्यात. मग ऱ्हावलं न्हाय. पानावरच सांगितलं, आण्णाप्पा, बिल्ला मी लावलता.

घास खाली ठेवला त्येनं. म्हणाला, म्हंजे माझं डोस्कं जाग्यावर हाय? मी म्हणालो व्हय. म्हणाला, बोटं गेली त्येचं काय न्हाय, बाळू. मी सोताला येडा समजत ऱ्हायलो, आन तू मला वाढत ऱ्हायलास. उठला, हात धुतला, गेला. पाया पडतो म्हणालो, थांबला न्हाय.

चार रविवार झालं. फोन उचलत न्हाय. काल वैनींचा आला, इचलकरंजीला मागांच्या दुरुस्तीला जातोय म्हणाल्या, नातवाला फुडं बसवून गाडीवनं बाजार हिंडवून आणला. मी इचारलं, माझं नाव काढतोय का? वैनी परत नातवाचंच सांगाय लागल्या. काढू बी ने, पावणं. त्येचं त्येला मिळालं, देव त्येला शंभर वर्सं दिऊ दे. मी हाय हितं. दुसरं ताट वाढतो, दारात गिऱ्हाईक आलंया बघा.