टपालातलं मत

अध्यक्षपदाची मतमोजणी अजून संपली नव्हती. टपालाने आलेल्या ज्या मतांच्या पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळली नव्हती, त्या मतदारांची सही पटवून मत मोजणीत धरून घेण्यासाठी अमेरिकेतल्या रेनो शहराच्या निवडणूक कार्यालयात रांग लागली होती. रांगेत फोनवरचे आकडे बघता बघता मार्लाचे कान पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे लागले. आजींचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"डाव्या हाताने सही केल्यावर जुळणार कशी, व्हर्ना?"

"जाऊ दे ना, ड्वेन. तुझाच माणूस पुढे आहे."

"केसभर."

"मग माझं मत कशाला जिवंत करतोस?"

"लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक मतावर तू पाणी फिरवलंस. यंदाच सोडलंस, तर जिंकलो म्हणू कोणत्या तोंडाने?"

"आणि हरलास तर?"

"तर प्लास्टर निघाल्यावर भांडी तू घासायचीस. सरक पुढे, खिडकी बंद होईल."