रडू द्या तिले

मी रोहण्याची, भाऊ. बापाची वांग्या-मिरच्याची वाडी होती, खाऊन-पिऊन सुखी होतो. रडू द्या पोरीले, तुम्ही आयका. लगन झालं अन् पुलगावले आली, नवरा कापडाच्या मिलात, मिलाची खोली, नळाचं पानी, मले वाटे का मी रानीच झाली.

मिलात उभं राहून राहून पाय सुजत, तं सारेच अफूची गोळी घेत, ठेक्याच्या दुकानात उघड भेटे, चोरी नोयती. बायाबी जराशी अफू लेकराच्या जिभेले लावत अन् कामावर जात, लेकरू सांजवरी झोपून राहे. मले म्हनत, तू काऊन नाई देत वो, तुहं लेकरू का राजाचं हाये? नाई देल्ली म्या. शेजारनीचं लेकरू झोपलं ते उठलंच नाई, म्या पाह्यलं होतं.

मंग माह्या नवऱ्याची गोळी वाढत गेली. मशीनीपाशी डुलक्या घे, कामावरून काढलं, खोलीबी गेली. पितळेचा गंज गेला, लोटा गेला, माह्या हातची पाटली गेली, सारं अफूत. आता टेशनामागं भितीले गोनपाट बांधलं हाये. शिपाई येते, हाकलते, आम्ही पुन्हा बांधतो. काय सांगू तुम्हाले, घर म्हनाल तं हेच.

मी जिनाच्या कारखान्यात कापूस साफ कराले जातो. तिथं लेकरू नेऊ देत नाई, तं हिले बापापाशी ठेवो. परवा सांजच्याले आली तं पोरगी निपचित, हातपाय गार, पाजाले घेतलं तं तोंड उघडेना. तोंडाले तोच कडू वास. म्हनलं, काय देल्लं हिले? तं म्हने, भुकेनं रडून राह्यली होती, शिपाई हाकलीन म्हनून देल्ली थोडी, माह्यातली. माह्यातली, भाऊ! ज्यानं बायकोची पाटली सोडली नाई, त्यानं आपल्या गोळीतली तोडून पोरीले देल्ली. माया हाये त्याची, म्हनूनच भेव लागते. रागानं देल्ली असती तं मी त्याले कवाचंच हाकललं असतं.

हलवलं, चिमटे घेतले, तवा कुठं डोये उघडले तिनं. तवापासून रडूनच राह्यली. बाया म्हनतात, लाव जराशी, चूप होईन.

आज मी कामावर नाई गेली, चूल पेटली नाई. उद्या जा लागते, हिले कोनापाशी ठेवू? तो पाहा, तिकडं बसला हाये तिचा बाप, रडनं आयकवत नाई त्याले, घडीघडी धोतराच्या गाठीले हात लावते. गोळी तिथंच राह्यते त्याची.

रड माय, रड. अशीच रडत राह्यजो.