माईंनी भांडं मागितलंच नाही

हॅलो? … हॅलो, सुनंदा? मी उमा… उमा गं, वहिनी! अंबरनाथहून… हो, शेजारच्या भाभींकडून बोलतेय. ऐक. माई आल्यात का तुझ्याकडे?

… नाही? आत्ताचं नाही म्हणत, सकाळपासून… खाली कुठे बोलत उभ्या नाहीत ना? एकदा गॅलरीतून बघ… बघ म्हटलं ना, मग सांगते सगळं.

… नाहीत.

अगं, विठानं मला सांगितलं होतं. सरळ तोंडावर सांगितलं आणि मी हसले… विठा म्हणजे ती बोहारीण गं, जुने कपडे घेऊन भांडी देते ती. गेल्या मंगळवारी जिन्यात थांबवलं मला. म्हणाली, "ताई, वीस वर्षं डोक्यावर पाटी वाहतेय. लुगडं देताना बाई भांडतेच. पातेल्यावर झाकण मागते, झाकणावर चमचा मागते. तुमच्या सासूबाईंनी नऊ लुगडी दिली अन् भांडंच मागितलं नाही. राहू दे म्हणाल्या. त्यांच्यावर नजर ठेवा." आणि मी काय म्हणाले माहितेय? म्हटलं, "फुकट मिळालं तर गप घेऊन जा की बाई!"

… कुठे गेल्यात ते माहीत असतं तर तुला… थांब, नीट सांगते, मध्ये बोलू नकोस. साडेआठला श्रीपाद ऑफिसला गेला. मी चिमीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते… हो, ताप आहे, परवापासून, एकशे दोन… माई दारातून म्हणाल्या, "येते गं." मला वाटलं, देवळात चालल्यात. अकरा वाजले तरी पत्ता नाही. मग खाली सदू रिक्षावाला म्हणाला, मीच सोडलं त्यांना स्टेशनवर. कर्जतची गाडी किती वाजता, विचारत होत्या म्हणे… हो ना, मलाही तेच वाटलं, बदलापूरला लेकीकडे गेल्या असतील! म्हणून तर…

किती वाजले आता? … दीड?

श्रीपादच्या ऑफिसात निरोप ठेवलाय. कोणी दिला असेल-नसेल… नाही भाभी, चाय नहीं चाहिए। हाँ, बच्ची सो रही है, दरवाज़ा खुला रखा है… हां, बोल सुनंदा.

… मी? मी काय केलं? … नाही, पुटपुटू नकोस, मोठ्यानं बोल. … हो. आवरलं मी घर. आवरायला नको होतं? दोन खोल्या आमच्या. तुझे आप्पा गेल्यावर वर्ष उलटलं तरी मी एका डब्याला हात लावला नव्हता, तुला माहितेय. तेलाचे रिकामे डबे, कारखान्यातून आणलेल्या वायरी, दांडे मोडलेल्या छत्र्या, कुठल्या कुठल्या कुलपांच्या किल्ल्या… चिमी रांगायला लागली तर तिला रांगायला फरशीच नव्हती गं! एक दिवस तोंडातून खिळा काढला मी तिच्या. गंजलेला. बोट घालून काढला… तुला नाही सांगितलं. कोणालाच नाही सांगितलं.

मग मासिकात तो लेख आला. 'वर्षभरात ज्याचा उपयोग झाला नाही, ते घरात ठेवू नका.' वाल सोलत बसल्या होत्या माई, मीच वाचून दाखवला. म्हटलं, आता रागावतील. तर दुसऱ्या दिवशी आधी माळा त्यांनीच रिकामा केला! स्टुलावर चढून! भंगारवाल्याला त्यांनीच हाक मारली… तुझी बाहुली? कुठली बाहुली? … अगं, दहावीत होतीस तेव्हाच तिचा हात तुटला होता ना! आता बाहुलीचं काय काढतेस!

… बरं, चुकलं. विचारायला हवं होतं. हो. हो… अगं ऐक ना!

खरं सांगू? घर इतकं छान झालं होतं… मिरवत नाहीये गं. दुपारचं ऊन पार मोरीपर्यंत यायचं, इतक्या वर्षांत आलं नव्हतं. बोललं की आवाज घुमायचा, चिमीला त्याचीच मजा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसती सुसाट. माई कोपऱ्यात टेकून बसायच्या आणि म्हणायच्या, "मोकळं वाटतं गं उमा." स्वतःचं म्हणून काय ठेवलं होतं त्यांनी? एक ताट, एक फुलपात्र, दोन लुगडी. मी साड्या मोजल्या माझ्या त्या दिवशी, लाज वाटली. भाभींना सांगितलं, सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटले, समाधान बघायचं तर आमच्या माईंकडे या म्हणून…

समाधानच होतं ना ते? सांग ना. तुझी आई आहे, तुला कळेल. … मला कळेनासं झालंय.

… झोप? झोपतात की शांत. जेवतात थोडंसं. … औषध घेतात. मीच तर आणते महिन्याच्या महिन्याला, त्यांच्या फळीवर ठेव…

थांब. थांब हं, फोन ठेवू नकोस. भाभी, फ़ोन ऐसे ही रहने देना, हाँ? मैं घर में देखके आती हूँ, एक मिनिट…

…

हॅलो? हॅलो, आहेस ना? … दम लागला. गोळ्या… तीन पाकिटं आहेत, सुनंदा. एकही फोडलेलं नाही. … रक्तदाबाच्या, हो. म्हणजे तीन महिने… मी चौथं पाकीट आणून वर ठेवलं असतं, बघितलंही नसतं. चष्मा इथेच आहे. … नाही, पिशवी नेली नाही. लुगडं वाळत होतं, तेही घडी करून ठेवलंय. आधीच्या पसाऱ्यात मला कळलंसुद्धा नसतं, काय आहे आणि काय गेलंय. आता एका नजरेत दिसतं. काहीच गेलेलं नाही. चपला आहेत. दाराशी, सरळ लावून. अनवाणी गेल्यात गं.

… रडू नकोस. तू रडायला लागलीस तर मी कोणाला फोन करू? … हां, वांगणी. माझ्याही तेच डोक्यात. आप्पांनी घेतलेली ती जागा, ती एक खोली. दुसरं कोण आहे त्यांचं त्या बाजूला?

… तिथली विहीर म्हणू नकोस! … मी कुठे म्हटलं? तू म्हटलंस!

… हो. माझ्याही मनात होतं. अकरापासून. तीन वेळा तुझा नंबर फिरवला आणि घंटा वाजायच्या आत ठेवला. वाटलं, तोंडातून निघालं तर खरं होईल. अडीच तास घालवले मी. चिमीला भाभींकडे ठेवून देवळात जाऊन आले, बाजारात जाऊन आले. माहीत होतं तिथे नाहीत ते, तरी गेले.

आणि एक सांगायचं राहिलंय… नाही, ऐक, मग हव्या तेवढ्या शिव्या घाल. तो लेख वाचत होते ना मी, माईंनी मध्येच विचारलं, "आणि माणसांचं काय लिहिलंय गं त्यात?"

… मी हसले. म्हटलं, "माई, तुमचं आपलं काहीतरीच!" त्याही हसल्या. मग त्यांच्या पुढ्यातले वाल मी ओढून घेतले. म्हटलं, "तुम्ही बसा, मी सोलते." … अगं, चांगल्या मनानंच! रोज तेच म्हणते मी. कणिक मी मळते, तुम्ही बसा. चिमीला माझ्याकडे द्या, तुमची कंबर दुखेल, बसा. दळण श्रीपाद आणेल, तुम्ही बसा. लोक म्हणायचे, सून असावी तर अशी, सासूला पाण्याचा पेला उचलू देत नाही. मलाही बरं वाटायचं ऐकून. वर्षभरात एका तरी कामाला हात लावू दिला का मी त्यांना? सांग! आणि वर तो वर्षाचा नियमही मीच वाचून दाखवला…

… नाही, तू काही म्हणू नकोस. 'तुझी चूक नाही' तर म्हणूच नकोस.

… काय? मुलांची शाळा? अगं, पाचला सुटते ना ती! तोवर येशील परत, नाहीतर शेजारी सांग कोणाला. … मी कशी येऊ? तापलेलं पोर घेऊन? आणि तेवढ्यात माई परत आल्या तर दाराला कुलूप दिसू दे का त्यांना? … हो, माहितेय चिडलीस. चीड. जन्मभर बोलू नकोस माझ्याशी. पण आत्ता पायात चपला घाल. तुला बदलापूरहून एक स्टेशन, मला निघेपर्यंत तास जाईल.

… हां. हां, मिळेल ती कर्जत धर. उतरलीस की टांगा बघ, नसला तर थांबू नकोस, चालायला लाग. वाटेत बुधाजीचं घर लागेल, आपल्या जागेकडे तोच बघतो. त्याला बरोबर घे… आजारी असला तर त्याच्या बायकोला घे, कोणालाही घे, पण एकटी जाऊ नकोस तिथे.

आणि भेटल्या की… भेटतील गं. भेटल्या की 'असं का केलंत' विचारू नकोस. गळ्यात पडून रडूही नकोस, अवघडतात त्या. सांग, चिमीला ताप आहे, उमाला एकटीला जमत नाहीये, घरी चला. … खोटं कशाला? दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. पोरगी माझ्याजवळ किंचाळते, त्यांच्या मांडीवर पडली की पाच मिनिटांत झोपते. हे बघत होते मी, आणि तरी उचलून घेत होते. … हो, असंच सांग. माझ्या शब्दांत सांग. उमानं हात टेकलेत म्हणावं.

… काय? खरखर होतेय, मोठ्यानं बोल. … हां, निघतेस ना? किल्ली घे. पैसे आहेत ना जवळ? … हाँ भाभी, आयी, सुना मैंने, रो रही है…

सुनंदा, चिमी उठली, मला जायला हवं. एवढंच ऐक. खोलीचं दार लावलेलं दिसलं तर तिथूनच मागे फिरू नकोस. हल्ली कमी ऐकू येतं त्यांना, एका हाकेला उत्तर येणार नाही. कडी वाजव. मागच्या बाजूला खिडकी आहे, तिच्यातून बघ. बोलल्या नाहीत तरी चालेल, नाही आल्या घरी तरी आज चालेल… आहेत ना, तेवढं बघ.

जा गं. जाऊन बघ त्यांना…