नारळ कुणाला द्यायचा

माझं माहेर मुरुडकडचं, दिली लातूरला. मालक गवंडी. लातूर नवा जिल्हा झाला तवा काय सांगू तुम्हाला, जिकडं बघावं तिकडं कचेऱ्यांची बांधकामं, आन् मालक म्हनले, मजूर चहाला तरसतेत, तू स्टो मांड. मांडला. दोन बाकडी, वर पत्रे, झालं हॉटेल. पर चाललं, लई चाललं. मला वाटायचं, आपल्याच हाताचा गुन हाय.

मग दुष्काळ पडला आन् बांधकाम बंद. सरकारनं पैसा दुष्काळाकडं वळवला म्हने. आता सरकारच्या भिंतीचा आन् माझ्या चहाचा काय संबंध? पर मजूर गेले, चहा कुनाला पाजू? मालकांनी पेटीत कपडे भरले, थापी भरली, म्हनले मी पुण्याला जातो. माझा जीवच उडाला. आमच्या आळीतला एक असाच गेला, त्यानं तिकडंच दुसरी केली, हिकडं बायको वाट बघून बघून वाळली. मी म्हनलं, रोजगार हमीचं काम निघालंय, दोघं खडी फोडू. गवंडी मानूस खडी फोडंल व्हय, म्हनले. चार दिवस धुसफुसले, पर ऱ्हायले.

तिथं एक कारकून आले हजेरी बघायला, माझं जुनं गिऱ्हाईक. म्हनले, बाई, आमच्या पगारातून दर म्हैन्याला कर कापतेत, त्यातून तुमची मजुरी. रागानं म्हनले का चेष्टेनं, कोन जाने. पर मी म्हनलं, मंग माझे मालक घरी ऱ्हायले ते ह्या मानसामुळं! बायकांनी वर्गनी काढली, टावेल-टोपी, नारळ घेतला, आन् आमी सात जनी गेलो कचेरीत त्यांना आहेर करायला.

कारकुनाला घामच फुटला. उचला, उचला आधी, म्हनले, साहेबांनी बघितलं तर लाच घेतली म्हनतील. आन् मी एकटा न्हाई वो, लई जन देतेत, तुमीबी देता, साखरंवर कर हाय, काडेपेटीवर हाय. द्वारकाबाई माझ्या शेजारी खडी फोडायची, ती म्हनली, म्हंजे आपली मजुरी आपनच दिली? कारकून म्हनले, थोडी. किती थोडी, ते त्यांनाबी सांगता येईना. मग आता आहेर कुनाला करायचा? शेवटी नारळ बाहेर पायरीवर फोडला आन् आमीच खाल्ला. टोपी मालकांनी घातली.

पुढं बांधकाम निघालं, हॉटेलबी पुन्हा लागलं. मालक तीच भिंत बांधायचे, माझाच चहा प्यायचे. परवाच्या साली गेले, माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेले.

आता लेक नोकरीला हाय. पगार कापला की घरी येऊन करकर करतो, सरकार लुटतंय म्हनतो. त्याचंबी खरं असंल, मला अजून कळंना पैसा कुठून निघतो आन् कुठं जातो. तुमचाबी कापत असतील. कापू द्या, बाबा. कुनाचा तरी मानूस घरी ऱ्हात असंल.