खालच्या थरातली सायली

आमच्या सायलीचा किस्सा ऐका, भेटेल त्याला सांगत सुटलेय मी. नौपाड्यातल्या आमच्या कॉलेजची ही पोरगी दहीहंडीच्या पथकात आहे. स्कॉलरशिपच्या मुलाखतीसाठी तिने लिहून आणलं, "नेतृत्वगुण वाढले." मी कागद परत दिला. "अगं, हे कॅरम खेळणारेपण लिहितात. तुला स्वतःला काय आठवतं?"

"पाय, मॅडम. मी सगळ्यात खालच्या थराला असते. मान वर करायची नसते. खांद्यावरचे पाय थरथरले की ओरडते, 'घाबरू नको, मी आहे!'"

"मग हेच सांग ना!"

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "टेंभी नाक्याला हंडी फुटताना बघून काय वाटलं?"

मी मागेच बसलेले. पोरगी ताठ मानेने म्हणाली, "फुटताना कधी बघितलीच नाही, सर. पण माझ्या खांद्यावरून आजवर कोणी पडलेलं नाही."