धाकटीसाठी आलेलं स्थळ

पाणी प्या की, पण गावाचं नाव आधी सांगा, पाहुणे — देगलूर म्हणता, देगलूरात कुठं? बसस्टँडच्या मागं? तिथं तर सगळी दुकानंच हायत, माणसं राहत्यात कुठं? बरं, राहू द्या. मी धुरपताबाई, पोरींची आत्या. स्थळाचं मलाच बोला, माझा भाऊ ग्यानोबा भोळा हाय, कोणालाबी हाव म्हणतो. धाकटी दहावीत हाय अजून, तुम्ही तिला पाहिली कुठं? फोनवर? तिचा फोटो तुमच्या फोनात आला कसा — न्हाई, भांडून न्हाई राहिले, विचारून राहिले.

थोरली सिंधु ना? ती दिली हैद्राबादकडं, सुखात हाय. आमच्यात रीत हाय, पोरगी द्यायच्या आधी चार माणसं त्या गावी जाऊन येत्यात, शेजारपाजाऱ्याला विचारत्यात — पोरगा पितो का, घर कोणाचं. कोरोनात ते बुडालं. जिल्ह्याच्या हद्दी बंद, शाळा बंद, पोरीच्या हातात अभ्यासाला फोन — त्यातूनच स्थळ आलं. घर फोनवर दाखवलं, आम्ही फोनवरच पाहिलं. चार-पाच माणसांत लग्न. नवरदेवाच्या तोंडाला मास्क, मेल्याचं तोंड अजून मला धड ठावं न्हाई. आधी असले लोक बाजारात दिसायचे, माणूस पोर आवरून धरायचा, आता फोनातून सरळ चुलीपाशी येत्यात. नवरा कसला, दलाल होता तो! पंधराची पोर विकली, लॉजवर ठेवली, गिऱ्हाईकंबी फोनवरच ठरायची. पळून आली तवा माझ्या गळ्यात पडली. काळीज जळतं माझं, अजून जळतं.

सुखात हाय म्हणाले ते — गावाला तसंच सांगतो आम्ही, धाकटीचं जमायचं हाय ना. तुम्ही कुठं बोलू नका. आत? आत कोणी न्हाई. भाकरी थापून राहिली ती शेजारीण हाय.

काय म्हणालात? आरतीला बोलवू?

आमच्या पोरीचं नाव सिंधु, पाहुणे. आरती तर नवऱ्यानं लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलं होतं, रीतीपुरतं. त्या नावानं तिला या गावात कोणी एकदाबी हाक मारली न्हाई. ते नाव आम्हा भावंडांना ठावं, न्हाईतर त्या मास्कवाल्यांना.

आता कुठं निघालात? बसा. ग्यानोबा, दाराला कडी घाल.