नाताळात नाचलेल्या लाल झग्याबाबत

पोलीस ठाणे, स्किफ कोव्ह, न्यूफाउंडलंड. ता. १४ जानेवारी १९९८.

नाव गर्ट्रूड अँब्रोज कीफ, वय ५४, धंदा खेकड्याच्या कारखान्यात मजुरी, राहणार चर्चच्या खालचं पिवळं घर, स्किफ कोव्ह.

मी आज आपण होऊन ठाण्यात आले आहे, मला कोणी दमदाटी केलेली नाही. विचारलं तसं सांगते की, गेल्या आठवड्यात याच टेबलापाशी बसून मी फिलोमिना ब्रॉफी हिच्याविरुद्ध तक्रार दिली होती. दुखापतीचं ढोंग करून ती भरपाई खाते, असं मी लिहून दिलं होतं. ती तक्रार चुकीची आहे. खोटी तक्रार देणं हा गुन्हा आहे हे कॉन्स्टेबल साहेबांनी मला समजावलं. मी म्हटलं, खोटी नव्हती, चुकीची होती, आणि दोन्हींतला फरक कळायला हवा असेल तर सगळं ऐका, मध्येच 'मुद्द्याचं बोला बाई' म्हणू नका.

फिलोमिना ही विधवा असून कारखान्यात माझ्या शेजारी उभी राहून खेकड्यांचे पाय तोडायचं काम करत होती. गेल्या जूनमध्ये दुपारच्या पाळीला ती भरलेला ट्रे घेऊन वळली आणि टरफलांच्या राड्यात तिचा पाय सरकला. मोरी तुंबली आहे, पाणी जात नाही, हे आम्ही बायकांनी सकाळीच मुकादमाला सांगितलं होतं. तो म्हणाला, बघतो. ती कमरेवर आपटली, तो आवाज मी ऐकला. मी हात पुढे केला होता पण तो पोचला नाही. त्यामुळे ती पडलीच नाही असं मी कधी म्हटलेलं नाही. सेंट जॉन्स शहरातल्या दवाखान्यात तिच्यावर ऑपरेशन झालं आणि भरपाई मंडळाकडून कामावर पडल्याची भरपाई तिला मंजूर झाली.

तुमचा तिच्यावर राग होता का, असं साहेबांनी विचारलं. राग नव्हता. मी जळत होते, तसंच लिहा. तीच फरशी, तेच रबरी बूट, तोच मुकादम, आणि ती पलंगावर उशीला टेकून बसलेली. कोणी तिला वाटाण्याचं सूप नेतंय, कोणी ताजा पाव, पाद्रीबुवा दर शुक्रवारी घरी जाऊन प्रसाद देतायत. माझे गुडघे गेली सहा वर्षं कुरकुरतायत, मला कोणी साधा कांदा आणून दिला नाही. आणि माझा नवरा अँब्रोज. बर्फ पडला की सकाळी फिलोमिनाच्या पायऱ्या लख्ख, आणि आमच्या पायऱ्यांवर दुपारपर्यंत ढीग. तिची लाकडं फोडून रचलेली, आमची ओली. मी एकदा म्हटलं, "तिला मंडळ भरपाई देतं ती पुरत नाही वाटतं, म्हणून तूही देतोस?" तो म्हणाला, "बाई पडलीय, गर्टी." मी म्हटलं, "आणि मी उभी आहे हा माझा गुन्हा का?" तो टोपी घालून बाहेर गेला.

ता. २९ डिसेंबर रोजी संध्याकाळी जेवणं झाल्यावर आमच्या दारावर काठी वाजली आणि बाहेरून आवाज आला, "सोंगांना घरात घेता का?" अँब्रोज घरी नव्हता. त्याचा दोस्त लिओ याच्याकडे पत्ते खेळायला जातो असं सांगून गेला होता. माझी नणंद नोरा माझ्याकडे आली होती, तिने दार उघडलं. साहेब आमच्या बेटावरचे नाहीत, मुख्य भूमीवरचे आहेत म्हणून सांगते, नाताळाचे बारा दिवस आमच्याकडे लोक तोंड झाकून घरोघर फिरतात. पुरुष बायका होतात, बायका पुरुष होतात. आवाज ओळखू नये म्हणून श्वास आत ओढून बोलतात, हात ओळखू नयेत म्हणून हातमोजे घालतात. घरच्यांनी ओळखायचं. नाव बरोबर आलं की सोंगाने पडदा वर करायचा, मग केक आणि रम. नाही ओळखलं तर तसंच नाचून निघून जायचं.

त्या दिवशी चार सोंगं आली. त्यातल्या एकाच्या अंगावर फिलोमिनाचा लाल मखमली झगा होता. तो झगा अख्ख्या गावाला माहीत आहे, उन्हाळ्यात चर्चच्या जत्रेला ती दुसरं काही घालत नाही. तोंडावर जाळीचा पडदा, पोटाशी उशी. दुसऱ्या एका सोंगाने बाजा सुरू केला तसं हे लाल झग्यातलं सोंग असं नाचलं की फडताळातल्या बश्या खणखणल्या. मग त्याने माझा हात धरला आणि मला गरागरा फिरवलं. मीही नाचले. मला मजा आली, हेही लिहा. आणि नाचता नाचता माझ्या मनात आलं, ही बया? हिला पलंगावरून उठवत नाही म्हणे! हिला गाव सूप पाजतंय, माझा नवरा हिच्या पायऱ्या झाडतोय, आणि ही माझ्याच चुलीपुढे उड्या मारतेय!

नोरा नावं ओरडत होती, लिओ, पाद्रीबुवा, कारखान्याची नर्स. मी गप्प राहिले. 'फिलोमिना' म्हटलं असतं तर पडदा वर गेला असता, सगळे हसले असते आणि गोष्ट हसण्यावारी गेली असती. मला तिला हसून सोडायचं नव्हतं. मी ओठ शिवून बसले आणि सोंगं गेली. नंतर ता. ७ रोजी मी इथे येऊन तक्रार दिली. नोराने झगा पाहिला होता, तिनेही तसंच सांगितलं. आता येत्या मंगळवारी भरपाई मंडळापुढे सुनावणी आहे. माझी तक्रार तशीच राहिली तर फिलोमिनाची भरपाई बंद होईल. तिला दुसरं काही उत्पन्न नाही.

गेल्या रविवारी जेवताना मी नवऱ्याला हे सांगितलं. आनंदाने सांगितलं, लपवत नाही. त्याने काटा बशीत ठेवला.

"गर्टी, तो मी होतो."

"तू पत्ते खेळायला गेला होतास."

"सोंग काढायला जाताना कोणी बायकोला सांगून जातं का?"

"मग झगा तिचा कसा?"

"अगं, स्वतःच्या कपड्यांत सोंग काढतं का कोणी? तुझी अक्कल कुठे चरायला गेली होती?"

तो म्हणाला ते खरं आहे. सोंगाने आपले कपडे घालायचे नसतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. लाल झगा दिसला तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही फिलोमिना सोडून दुसरं कोणीतरी आहे. पण मला तिलाच बघायचं होतं, म्हणून तीच दिसली.

साहेब म्हणाले, नवरा तिला वाचवायला असं बोलत नसेल कशावरून? मलाही तेच वाटलं. म्हणून काल दुपारी मी स्वतः फिलोमिनाच्या घरी गेले. दार उघडायला तिला इतका वेळ लागला की मी परत फिरणार होते. दवाखान्यातून मिळालेली आधाराची चाकांची चौकट धरून ती चालत होती. जानेवारीत तिच्या पायांत मोजे नव्हते. म्हणाली, "वाकवत नाही गं. कोणी घातले तर घातले." कोण घालतं, हे मी विचारलं नाही.

मी म्हटलं, "तो झगा काढ."

"पलंगाखालच्या पेटीत आहे. तूच ओढ, मला जमायचं नाही."

पेटी मी ओढली. झगा तिने स्वतः पुढ्यात धरला आणि म्हणाली, "बघ." खांद्यांची शिवण उसवून दोन्हीकडे चार-चार बोटं वाढवलेली होती. उंचीने दोघं सारखीच, पण अँब्रोजचे खांदे वल्ही मारून रुंद झालेले आहेत. तिच्या अंगावर तो झगा पोत्यासारखा लोंबला असता. शिलाईचा दोरा नवा होता, टाके बारीक, अगदी मन लावून घातलेले.

"माप कसं घेतलंस?"

तिने झग्याची घडी घातली. मग म्हणाली, "दोरीने. खोटं नाही बोलत, गर्टी. उभा राहिला, मी पलंगावर बसून दोरीने घेतलं."

तीस वर्षं मी या माणसाचे स्वेटर विणते. मापाला तो कधी क्षणभर उभा राहिलेला नाही, मी जुन्या स्वेटरवरून अंदाज घेते.

"अजून काही विचारायचंय का?" असं फिलोमिनाने विचारलं. मी नाही म्हटलं. झगा पिशवीत घातला, तिचे मोजे चुलीपाशी वाळत होते ते तिच्या पायांत चढवले आणि घरी आले.

तो झगा मी आज ठाण्यात जमा करत आहे. नवरा बाहेर गाडीत बसला होता. मी म्हटलं, त्याला आत बोलवा आणि झगा त्याच्या अंगावर घालून बघा. साहेबांनी आढेवेढे घेतले, पण मी हट्ट सोडला नाही. अँब्रोजने शर्टावरून झगा चढवला. तो त्याला बरोबर बसला, शिवण कुठेही ओढली नाही. ठाण्यातला कारकून हसला. मला हसू आलं नाही. अँब्रोज माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होता.

झगा फिलोमिनाकडे होता आणि तो नवऱ्याच्या मापाचा करून दिला गेला, हे एकदा लिहिलं की मंगळवारी सुनावणीत सगळ्यांसमोर वाचलं जाईल, असं साहेबांनी मला दोनदा समजावलं. मला समजलं आहे. ते वाचल्याशिवाय तिची भरपाई राहत नाही, म्हणून लिहून देत आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. 'नवरा शेजारधर्म म्हणून फिलोमिना ब्रॉफी हिच्या घरी जात असे' असं एक वाक्य त्यात होतं. शेजारधर्म हा शब्द मी सांगितलेला नाही, साहेबांना माझी दया आली म्हणून त्यांनी घातला. तो माझ्या सांगण्यावरून खोडला असून खोडल्या जागी माझी सही आहे. फिलोमिना त्या दिवशी आमच्या घरी आली नाही आणि नाचली नाही, हे वाक्य मी पुन्हा वाचून घेतलं. ते तसंच राहू द्यावं. बाकी सगळं मी बोलले तसंच उतरलं आहे.

सही,
गर्ट्रूड कीफ